एका हाती वापरलेली

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचं एकदाचं ठरलं आणि सेक्रेटरींनी फळ्यावर सूचना लावली : 'पार्किंगमधील बंद वाहने दसऱ्यापूर्वी हलवावीत.' 'वाहने' हे अनेकवचन केवळ सभ्यपणापोटी होतं. आमच्या पार्किंगमध्ये बंद वाहन एकच आहे आणि ते माझं आहे.

ती माझी स्कूटर. मेक सांगण्यात अर्थ नाही, कारण पुढे तिचे जे दोष येणार आहेत ते तिला कारखान्यात लागलेले नसून माझ्या संगतीत लागलेले आहेत. १९७६ साली मी तिच्यासाठी नंबर लावला. आजच्या मुलांना 'नंबर लावणे' म्हणजे काय हे समजावून सांगताना माझी दमछाक होते. पैसे भरायचे, पावती कपाटात ठेवायची आणि मग संसाराला लागायचं. ज्यांचा भाऊ परदेशात असे, तो परकी चलन पाठवी आणि त्यांना स्कूटर आधी मिळे. आमचा भाऊ नगरला होता. नंबर लावला तेव्हा माझी मुलगी पाळण्यात होती. १९८४ साली स्कूटर दारात आली तेव्हा ती दुसरीत होती आणि सातचा पाढा म्हणत पुढच्या बाजूला उभी राहिली. स्कूटरला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि आमच्या हिने शेजारच्या सात घरी पेढे वाटले. लग्नात पाच घरी वाटले होते.

अकरा वर्षांपूर्वी स्कूटरने शेवटची किक खाल्ली. तेव्हापासून ती पार्किंगच्या कोपऱ्यात कव्हराखाली बसून आहे. मांजरीची तीन बाळंतपणं तिच्या पायाशी झाली. मी अधूनमधून कव्हर काढून पुसत असे. "माझी पाठ इतक्या वेळा विचारली असतीत तर," असं काहीतरी वरून ऐकू येई.

तर ती विकायची ठरली. माझा नातू इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे त्याला स्कूटर उघडता येत नाही, पण तिचा फोटो उत्तम काढता येतो. त्याने तिला पुसलं, संध्याकाळच्या उन्हात ढकलत नेऊन बोगनवेलीपाशी उभं केलं, डाव्या पॅनेलला म्हशीने दिलेला पोचा दिसणार नाही अशा बाजूने फोटो काढला आणि मोबाइलवर मजकूर तयार केला. 'विंटेज स्कूटर. एकच मालक. जिवापाड जपलेली. एक आठवण घरी न्या.'

मी म्हटलं, "अरे, ती चालू होत नाही हे कुठे लिहिलंयस?"

"चालू होते असं तरी कुठे लिहिलंय?" तो म्हणाला. "आजोबा, यातलं एक वाक्य खोटं दाखवा."

मी चष्मा लावून वाचलं. एकही वाक्य खोटं नव्हतं. आणि सबंध मजकूर खरा नव्हता. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा असू शकतात, या प्रश्नाने माझी दुपारची झोप गेली. माझ्या वयात दुपारची झोप घालवणारा प्रश्न तात्त्विकच असला पाहिजे. नाहीतर तो पित्ताचा असतो.

खरं सांगायचं तर प्रश्न नवा नव्हता. चाळीस वर्षांपूर्वीच मी त्याच्यावर कव्हर घालून ठेवलं होतं.

१९८४ साली स्कूटर आली, म्हणजे आधीची मोपेड विकणं आलं. मी एका दैनिकात छोटी जाहिरात दिली. त्या काळी छोट्या जाहिरातीला शब्दावर पैसे पडत. या एका व्यवस्थेने मराठी मध्यमवर्गाच्या नीतिमत्तेवर किती परिणाम केला असेल याचा कुणीतरी अभ्यास करायला हवा. खोटं बोलायला पैसे पडत आणि खरं बोलायलाही तेवढेच पडत. फुकट काय होतं, तर गप्प बसणं. मी लिहिलं : 'मोपेड विकणे. एका हाती वापरलेली. उत्तम स्थिती.' सात शब्द. यापुढे 'मागील ब्रेकची केबल बदलणे आवश्यक' असे आणखी पाच शब्द लिहायला हवे होते. त्या केबलच्या आतल्या निम्म्या तारा तुटलेल्या होत्या, आणि ते मला ठाऊक होतं. मी पाच शब्दांचे पैसे वाचवले. ('एका हाती' हे मात्र अक्षरशः खरं होतं. दुसऱ्या हातात पिशवी असे.)

दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसातले कॅशियर पेपर घेऊन माझ्या टेबलाशी आले. "काय हो, ही तुमचीच ना?" म्हणाले. "मग ओळखीतच घेतो की. बाहेरचा माणूस फसवतो."

या शेवटच्या वाक्यावर मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी चहा मागवला.

सव्वा महिन्याने ते घराजवळच्या उतारावर पडले. डावा पाय मोडला. मी सहा संत्री घेऊन दवाखान्यात गेलो. पाय वर टांगलेला, त्यावर पांढरं प्लॅस्टर. मला पाहून म्हणाले, "चूक माझीच. सायकलवर जन्म गेला, मला मोपेडची सवयच नाही." वहिनी डोळे पुसत होत्या. मी संत्री स्टुलावर ठेवली आणि हवापाण्यावर बोललो. पाय जुळला, पण किंचित आखूड राहिला. पुढे सोळा वर्षं आम्ही एका ऑफिसात होतो. पॅसेजमधून ते येताना त्यांचं एक पाऊल वाजे आणि एक घासत येई, आणि ते ऐकलं की मी फायलीत तोंड घाली.

हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. वाचकांना सांगायला काय हरकत आहे, ते काही रोज भेटत नाहीत.

या प्रश्नाचा मी थोडाफार गंभीर विचार केला तो कर्वेनगरात नव्हे, तर बर्फावर. सातचा पाढा म्हणणारी ती मुलगी आता अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला असते. तिच्या आग्रहाखातर आम्ही एकदा ऐन जानेवारीत तिच्याकडे गेलो. ते गाव दोन तळ्यांच्या मधे वसलेलं आहे आणि हिवाळ्यात दोन्ही तळी गोठतात. माणसं त्यावर चालतात, भोक पाडून मासे धरतात. आमची ही काठावरच उभी राहिली. "पानशेतनंतर मी पाण्याचा भरवसा धरत नाही," म्हणाली. "गोठलेल्याचासुद्धा."

तिथे मी ती होडी पाहिली. बर्फावरून चालणारी शिडाची होडी. खाली तीन पोलादी पाती, दोन आडव्या फळीच्या टोकांना आणि एक पुढे वळवायला. वर शीड. आत एक माणूस उताणा पडलेला. इंजिन नाही, पेट्रोल नाही, आणि ती समोरून अशी गेली की मी मान वळवीपर्यंत दिसेनाशी झाली. मी तिचं नाव 'हिमनौका' ठेवलं. हिला ते आवडलं नाही. चातुर्मासातल्या कहाणीतलं वाटतं म्हणाली.

होडीचा मालक माझ्यापेक्षा म्हातारा होता. त्याने मला सांगितलं की ही होडी वाऱ्याच्या दुप्पट, तिप्पट, कधी त्याहूनही जास्त वेगाने जाते. मी हिशेबातला माणूस. म्हटलं, वारा ढकलणार ताशी पंधरा मैलांनी आणि होडी जाणार पंचेचाळीसने, मग वरचे तीस कुणाचे? त्याने काठीने बर्फावर रेघा ओढून समजावलं. वाऱ्याकडे पाठ करून ही होडी पळत नाही. पाठीवर वारा घेतला तर वाऱ्याइतकीच जाणार. ती वारा बाजूने घेते. खाली बर्फ गुळगुळीत, घर्षण जवळजवळ नाही, आणि पाती रुतलेली, त्यामुळे आडवं घसरता येत नाही, पुढेच जावं लागतं. आता गंमत अशी, की पुढे जाऊ लागली की तिला समोरून आपलाच वारा लागतो, जसा वारा नसलेल्या दिवशीही सायकलवर आपल्या तोंडावर लागतो. तो मूळच्या वाऱ्यात मिसळतो आणि शिडाला जास्त वारा मिळतो. मग आणखी वेग, मग आणखी वारा. "पण वारा मुळीच नसेल तर?" मी विचारलं. तो म्हणाला, मग नाही हालत. थोडा लागतोच.

थोडा लागतोच! मला एकदम आमची छोटी जाहिरात आठवली. मोपेड होती हे खरं होतं, एका हाती होती हेही खरं होतं. त्या थोड्याशा खऱ्याच्या वाऱ्यावर मी कॅशियरांपर्यंत पोचलो होतो. निव्वळ खोटं बोललो असतो तर जागचा हाललो नसतो, कारण माझा चेहरा खोटं बोलताना लाल होतो. मी खऱ्याचा वारा फक्त बाजूने घेतला होता.

आणि गुळगुळीत बर्फ? तो कॅशियरांनी स्वतः आणला होता. 'ओळखीतच घेतो' म्हणून.

त्या म्हाताऱ्याने मग बरंच काही सांगितलं, आणि घरी आल्यावर मुलीच्या लायब्ररीच्या कार्डावर मी त्यात भर घातली. या होड्यांचा एकोणिसाव्या शतकात मोठा दिमाख होता. न्यूयॉर्कजवळच्या हडसन नदीवर श्रीमंत लोक त्या बाळगीत. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे काका जॉन रूझवेल्ट यांची 'आयसिकल' नावाची प्रचंड होडी होती. तिने १८७१ साली नदीकाठाने धावणाऱ्या आगगाडीला मागे टाकलं. आगगाडीलाच बिचारीला कडेने रूळ आणि आत उतारू. ज्या काळात मोटार जन्मली नव्हती त्या काळात माणसाला सर्वांत वेगाने नेणारी वस्तू बर्फावरची होडी होती, आणि तिला फक्त वारा लागे.

मग मोटार आली. तिने काय केलं? ती बर्फावर गेली!

हेन्री फोर्ड यांची कंपनी १९०३ साली निघाली. त्यांना 'मॉडेल बी' नावाची चार सिलिंडरची महागडी मोटार खपवायची होती. किंमत दोन हजार डॉलर. लोकांना मोटारीविषयी वेगाखेरीज दुसऱ्या कशाचीच बातमी वाटत नव्हती. तेव्हा फोर्डनी डेट्रॉइटजवळचं गोठलेलं सेंट क्लेअर तळं गाठलं. बर्फावर मैलोगणती पट्टा साफ करून राख पसरली, आणि १२ जानेवारी १९०४ रोजी स्वतः गाडीत बसून एक मैल ३९.४ सेकंदांत तोडला. म्हणजे ताशी ९१.३७ मैल, आपले सुमारे १४७ किलोमीटर. जमिनीवरच्या वेगाचा जागतिक विक्रम, आणि जमीन नव्हतीच! बर्फाला भेगा होत्या. प्रत्येक भेगेवर गाडी हवेत उडत होती आणि खाली कशी येणार हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असं फोर्डनी आपल्या आत्मचरित्रात प्रांजळपणे लिहून ठेवलं आहे. पंधरा दिवसांत व्हँडरबिल्ट नावाच्या लक्षाधीशाने फ्लॉरिडाच्या वाळूत हा विक्रम मोडला, पण पंधरा दिवस जाहिरातीला पुष्कळ झाले.

यात मेख अशी की बर्फावर धावलेली गाडी ही विकायची गाडी नव्हतीच. ती होती 'अ‍ॅरो' नावाची, मुद्दाम शर्यतीसाठी केलेली. तिला ना छत, ना बाजू, नुसता सांगाडा आणि त्यावर राक्षसी इंजिन. दुकानात होती ती कातडी गाद्यांची मॉडेल बी. दोघींत साम्य म्हटलं तर चार सिलिंडर आणि फोर्डांचं नाव. पण फोर्ड खोटं बोलले का? नाही हो. गाडी धावली, आकडा खरा, तळं खरं, जिवावरचा धोका तर फारच खरा. त्यांनी फक्त वारा बाजूने घेतला. वर हेही त्यांनीच लिहिलं आहे की विक्रमामुळे मॉडेल बीचं नाव झालं, पण तिची किंमत विसरायला लावण्याइतकं झालं नाही. गिऱ्हाईक तेव्हाही आमच्या सदाशिव पेठेतलंच होतं.

त्याच डेट्रॉइटमध्ये पुढे आणखी एक गंमत झाली. 'डेट्रॉइट न्यूज' या वर्तमानपत्राने हौशी लोकांसाठी एक सुतारकामाची शाळा चालवली होती. तिथे १९३७ च्या हिवाळ्यात बारा फुटी, एका माणसाची, घरच्या घरी बांधता येईल अशी बर्फावरची होडी तयार झाली. तिचं नाव पडलं 'डीएन', वर्तमानपत्राची आद्याक्षरं! आज जगात ठिकठिकाणी त्या होड्यांच्या शर्यती होतात. शीड उभारणाऱ्या पोलिश किंवा स्वीडिश पोराला ठाऊकही नसेल की आपण एका अमेरिकन पेपराची जाहिरात घेऊन पळतो आहोत. मी तळ्यावर पाहिलेली होडी हीच. त्या म्हाताऱ्याला मी म्हटलं, पेपरवाल्यांनी यासाठी शब्दावर किती पैसे घेतले असते! त्याला विनोद कळला नाही. शब्दावर पैसे देण्याचं दुःख भोगल्याशिवाय तो कळत नाही.

मोटारींच्या जाहिराती पुढे फार शहाण्या झाल्या. फोर्डना निदान विक्रम तरी करावा लागला होता. १९२३ साली जॉर्डन नावाच्या कंपनीच्या मालकाने घोड्यावर बसून माळावर उधळलेल्या एका मुलीचं वर्णन लिहिलं आणि तीच मोटारीची जाहिरात म्हणून छापली. इंजिन, गिअर, चाकं, कशाचा पत्ता नाही. वाचणाऱ्याला मुलगी हवी की घोडा हवा हे ठरेना, म्हणून त्याने मोटार घेतली. (कंपनी १९३१ साली बंद पडली. मुलगी बहुधा पळतेच आहे.) आपल्याकडे १९८९ साली दूरदर्शनवर 'हमारा बजाज' लागलं. आकुर्डीच्या कारखान्यातून ज्या स्कूटरसाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले, तिच्याविषयी त्यात काय सांगितलं होतं? मायलेज? किंमत? काही नाही. निरनिराळ्या घरांतली माणसं आपापली स्कूटर पुसताहेत, पूजताहेत, मुलाबाळांना बसवून नेताहेत. आपलाच संसार पडद्यावर दिसला आणि आमच्या हिचे डोळे भरून आले. मी म्हटलं, अगं, ही जाहिरात आहे. ती म्हणाली, "असू दे. खरी आहे." कंपनीने २००९ साली स्कूटर बनवणं थांबवण्याचं जाहीर केलं तेव्हा ज्यांच्याकडे कधी स्कूटर नव्हती तेही हळहळले. आणि पुढे दहा वर्षांनी विजेवर चालणाऱ्या नव्या गाडीला कंपनीने नाव दिलं ते राणाप्रतापाच्या त्याच जुन्या घोड्याचं, चेतक. आत ना जुनं इंजिन, ना जुनी किक. नावाचा वारा तेवढा जुना.

आता तुम्ही म्हणाल, मग करावं काय? दोष लिहावेत? तेही लोकांनी करून पाहिलं आहे. १९६० साली न्यूयॉर्कच्या डॉयल डेन बर्नबाख या जाहिरात कंपनीने फोक्सवागेनच्या कासवासारख्या मोटारीचं चित्र छापलं आणि खाली एकच शब्द लिहिला : लिंबू. अमेरिकेत सदोष मोटारीला लिंबू म्हणतात. (आपण मोटार सदोष होऊ नये म्हणून लिंबू बांधतो. दोन संस्कृतींत एवढाच फरक.) मजकूर वाचल्यावर कळे की आतल्या कप्प्याच्या पट्टीवर बारीकसा डाग होता म्हणून तपासनिसाने ही गाडी बाद केली, तेव्हा तुमच्यापर्यंत येते ती निर्दोषच. लोक त्या प्रामाणिकपणावर इतके खूश झाले की ती जाहिरात आजही शिकवतात. म्हणजे दोष सांगणं हेही शीडच! ज्या दिवशी मला हे कळलं त्या दिवशी मी जरा निराश झालो. गप्प बसलो तर लबाडी, बोललो तर विक्रीकला. माणसाने नुसतं खरं बोलायचं तरी कुठे?

मी राहतो ते नगर ज्यांच्या नावाचं आहे त्या धोंडो केशव कर्व्यांना हा प्रश्न पडला नसावा. हे सगळं तेव्हा हिंगणे बुद्रुक होतं. विधवांसाठी १८९६ साली काढलेला आश्रम त्यांनी १९०० साली इथल्या माळावर आणला. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचं आणि मग पायी हिंगण्याला यायचं. रस्ता असा नव्हताच. संस्थेसाठी पैसे मागत ते गावोगाव हिंडले. म्हणजे एका अर्थी त्यांनाही काहीतरी 'खपवायचं' होतं, आणि तेही ज्या मालाला गिऱ्हाईक शिव्या देत होतं असं. पण त्यांचं 'आत्मवृत्त' वाचा. स्वतःचं कौतुक करायची संधी पानोपानी येते आणि हा माणूस दर वेळी हिशेब सांगून पुढे जातो. त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून मी कोथिंबीर आणायलासुद्धा स्कूटर काढीत असे.

तर दुपारची झोप गेली त्या दिवशी संध्याकाळी मी नातवाला बसवून जाहिरात नव्याने सांगितली. शब्दावर पैसे नाहीत, मग काय! 'स्कूटर, १९८४. अकरा वर्षे बंद. चालू होईल असे वाटत नाही. मागचा ब्रेक लागतो, पुढचा लागल्यासारखा वाटतो. क्लचची केबल तुटलेली आहे. डावे पॅनेल म्हशीने वाकवले आहे, चूक म्हशीची नव्हती. स्टेपनी आहे, तिच्यात हवा नाही. पुन्हा पासिंग केलेले नाही. घेणाऱ्याने विचार करून घ्यावी.' नातवाने कपाळाला हात लावला, पण जसंच्या तसं टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तेवीस फोन आले. फोटोवाल्या जाहिरातीला दोन आले असते, असं नातू म्हणाला. "काका, तुमची जाहिरात काय भारी आहे!" जो तो मला सांगू लागला. स्कूटरविषयी कुणी विचारीना. मला ते लिंबू आठवलं आणि घाम फुटला.

शेवटी एक मुलगी आणि तिचा नवरा पाहायला आले. दोघं मिळून एक कॅफे काढताहेत. मी कव्हर काढलं. त्या मुलीने स्कूटरकडे पाहिलं, माझ्या हिने मला कधी पाहिलं नसेल अशा नजरेने. मी लगेच सुरुवात केली. "हे बघा, आधी ब्रेकचं सांगतो. पुढची केबल..."

"काका, आम्हाला चालवायची नाहीये."

"तरी ऐकून घ्या. पुढच्या ब्रेकच्या केबलच्या आतल्या तारा..."

"भिंतीला लावणार आहोत. अर्धी कापून."

चाळीस वर्षं गिळलेले पाच शब्द तोंडाशी आणून मी उभा, आणि ऐकायला कुणी नाही. नवऱ्याने पैसे मोजले. मुलगी घरात पाणी प्यायला आली आणि कपाटावरच्या जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याकडे पाहून थबकली. "यात जुन्या गाड्यांच्या जाहिराती असतील ना? स्कूटर, मोपेड, टायर, तेल? आम्ही फ्रेम करतो. लोकांना फार आवडतात. खरं तर काका, स्कूटरपेक्षा जाहिरातीच जास्त चालतात."

मी सतरा अंक दिले. आमच्या हिने बारा परत घेतले, त्यांत पाककृती होत्या.

टेम्पोत स्कूटर चढवली, आडवी करून. ती आडवी झाल्यावर सुटायची, ही तिची जुनी खोड. मला उगीच वाटलं आता सुरू होईल. टेम्पो राजाराम पुलाच्या दिशेने वळला. कोपऱ्यात सिमेंटवर तिच्या आकाराचा काळा डाग राहिला आहे. मांजर त्यावर येऊन बसते.

त्या रात्री झोप आली नाही, आणि ते पित्त नव्हतं. सकाळी मी हिला सांगितलं, जरा वारज्याला जाऊन येतो. कशाने जाणार, तिने विचारलं. पायी, मी म्हटलं. तिने कपाळाला हात लावून पाहिला.

कॅशियर आता पंच्याऐंशीचे आहेत. गॅलरीत बसले होते, काठी बाजूला टेकवलेली. वाटेत मी सहा संत्री घेतली होती, पण पिशवी दारातच ठेवली. या खेपेला आधी बोलायचं असं ठरवून आलो होतो. बसलो, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. केबल, निम्म्या तारा, पाच शब्द, चहा.

ते काही वेळ रस्त्याकडे पाहत राहिले.

"ब्रेकचं होय," ते म्हणाले. "ते मला घेतली त्याच आठवड्यात कळलं. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने दाखवलं. केबल बदला म्हणाला, बारा रुपये. मी म्हटलं, पगार झाल्यावर बघू."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"काय बोलणार? तुमच्यावर ढकलावं तर बारा रुपये माझ्यापाशी होते. आणि माझी चूक म्हणावी तर..." ते थांबले. "म्हटलं की मी तेव्हा. चूक माझीच, असं. तुम्ही हवेबद्दल काहीतरी बोललात."

खाली रिक्षा हॉर्न वाजवीत गेली.

"आणि मोपेड?" मी विचारलं.

"विकली. पाय मोकळा झाल्यावर हिने घरात ठेवू दिली नाही."

"केबल बदलून?"

कॅशियरांनी काठी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. "ज्यांनी प्लॅस्टर काढलं ना, त्या डॉक्टरांनाच दिली. त्यांना कंपाउंडरसाठी हवी होती. वर्षाने पेपरात जाहिरात वाचली. पत्त्यावरून ओळखली. 'डॉक्टरांनी वापरलेली' असं लिहिलं होतं."

आम्ही दोघंही हसलो नाही, निदान लगेच नाही. वहिनी चहा घेऊन आल्या. माझ्या धुळीने भरलेल्या चपला पाहून म्हणाल्या, "अगं बाई, चालत आलात? स्कूटर कुठेय?"

"विकली," मी म्हटलं.

कॅशियरांनी कप बशीत ठेवला. "सगळं सांगून?"

"सगळं सांगून," मी म्हणालो. "पण ऐकून कुणी घेतलं नाही."